मिरवणूक आणि मनाई

१९१८ साली पहिले महायुद्ध चालू असता अमेरिकेत इन्फ्लुएंझाची साथ पसरली. फिलाडेल्फियात रोगी आढळू लागले होते. तरीही युद्धकर्जासाठी २८ सप्टेंबरला निघणारी मिरवणूक आरोग्याधिकाऱ्यांनी थांबविली नाही. सुमारे दोन लक्ष लोक दाटीने जमले. थोड्याच दिवसांत रुग्णालये तुडुंब भरली. शाळा, नाट्यगृहे व प्रार्थनामंदिरे बंद करण्याचा आदेश ३ ऑक्टोबरला निघाला. पण तोवर साथ घरोघरी पोचली होती.

सेंट लुई येथील आरोग्य आयुक्त डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ यांनी मात्र नागरिकांत पहिले रोगी आढळल्यावर दोनच दिवसांत, ७ ऑक्टोबरला, तसाच आदेश काढला. साथीच्या सर्वांत कठीण आठवड्यात नित्यापेक्षा अधिक झालेले मृत्यू फिलाडेल्फियात दर लाख वस्तीमागे सुमारे २५७, तर सेंट लुईत सुमारे ३१ होते. नोव्हेंबरात निर्बंध उठताच तेथेही साथीने पुन्हा डोके वर काढले, हेही ध्यानात ठेवावे.

मनाईने रोगजंतू मरत नाहीत. माणसांच्या गाठीभेटी कमी होतात आणि रुग्णालयांवर एकदम भार पडत नाही. त्या काळी या रोगावर रामबाण औषध नव्हते. नगराच्या हाती होता तो केवळ वेळ. युद्धकार्याच्या उत्साहात एका शहराने तो दवडला, दुसऱ्याने राखला.