चुना लावावा, पण भिंतीला!

‘घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. ‘घर पाहावे विकून’ असे मात्र त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. घर विकणे ही चारचौघांत बोलायची गोष्टच नव्हती. आता काळ पालटला. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव इथल्या जुन्या आळ्यांतून एकदा हिंडून यावे. कितीतरी दारांना कुलपे! माणसे पुण्याला नाहीतर मुंबईला, आणि घरात वस्तीला वाळवी. दिवाळीला भावंडे जमतात, फराळ होतो, आणि कोणीतरी हळूच म्हणते, “आता हे काढून टाकलेलेच बरे.”

खुशाल काढावे. ओस पडून कोसळण्यापेक्षा त्या घरात दुसऱ्याची चूल पेटली, तर वास्तुपुरुषाला आनंदच होईल. पण विकण्यापूर्वी घराची तयारी करायची म्हणजे काय करायचे? बहुतेकांची पहिली धाव रंगाच्या दुकानाकडे!

इथे जरा थांबावे. विटामातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर तेलरंग, हा थाट दिवाळीपुरता झकास दिसतो. पण मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिचे तोंड बांधले की ओल आत कोंडते, पोपडे धरतात आणि एके दिवशी गिलाव्याचा पदरच सुटतो. सह्याद्रीकडचा पाऊस सोसलेल्या या भिंतींना साधा चुनाच मानवतो. तेव्हा आधी छपरावर जाणता माणूस चढवावा, फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात. मग तुळया आणि खांबांचे बुंधे ठोकून पाहावेत. आवाज पोकळ आला तर आत वाळवी असण्याचा संभव फार. दुरुस्ती परवडत नसेल, तर ती तुळई गिऱ्हाइकाला आपणहून दाखवावी. हा नुसता भलेपणा नव्हे. साध्या नजरेला न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. चुना लावावा, पण भिंतीला, गिऱ्हाइकाला नव्हे!

भिंतींनंतर कागद. जुन्नरकरांना याचे महत्त्व निराळे सांगायला नको. मानमोडीच्या लेण्यांसाठी ज्यांनी प्राचीन काळी शेतजमिनी दान दिल्या, त्यांनी गावाचे नाव आणि निवर्तनांचे माप थेट खडकात कोरून ठेवले. पुढे पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागद वापरला गेला. आणि त्याच गावातल्या घराचा उतारा काढावा, तर त्यावर नाव पणजोबांचे! त्यांना सहीला कुठून आणणार? म्हणून आधी वारसनोंद करून घ्यावी. जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मिळकत पत्रिका काढावी; खेड्यात ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो. मात्र घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. आपल्या गावची झाली का, ते भूमि अभिलेख कार्यालयात विचारावे.

वारसांची नावे लिहिताना मात्र पुष्कळांची लेखणी बहिणीच्या नावापाशी अडखळते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, भाऊ वाटणी करायला तयार होईपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ साली ते कलम गळाले आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आला. त्या वेळी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झाली असेल, तर गोष्ट वेगळी. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने तो कागद वाचून, समजून, राजीखुशीने सोडावा आणि त्याची नोंदणी व्हावी. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र सरकवून “इथे सही कर गं ताई” म्हणणे हे भावाला शोभत नाही. ताटासमोर बसलेली बहीण ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

राहिला माळा. आंबेगाव तालुक्याला ज्याने नाव दिले, ते मूळचे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथल्यांना परत जाऊन आपला कोनाडा चाचपून पाहण्याची सोय उरली नाही. आपल्याला आहे, तर घाई करू नये. माळ्यावरचे मोडी कागद आणि पोथ्या रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नयेत. असे कागद जपणारे भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहे, तेही १९१० पासून. तांब्यापितळेची भांडी, जाते, पाटा-वरवंटा यांची वाटणी मात्र बहिणीला बोलावून, तिच्यासमोर करावी. किमतीने भारी काय, हे भावाला कळते. आईच्या हातातली पळी कोणती, हे बहुधा तिलाच आठवते. ती पळी तिला द्यावी, आणि तिचा हिस्साही द्यावा. पळी देऊन हिस्सा फिटत नाही.