चाकूचे पाते आणि घड्याळाचा पट्टा

माझ्या वडिलांच्या एच. एम. टी. घड्याळाच्या एका कानावर, म्हणजे पट्टा जेथे अडकवला जातो त्या शिंगावर, एक तिरका ओरखडा आहे. पट्टा बदलण्याच्या उतावळेपणात खिशातल्या चाकूचे पाते मीच तेथे घातले होते, आणि तो ओरखडा आजही डोळ्यांत सलतो. ज्यांच्या घरी असे एखादे घड्याळ जिवापाड जपलेले असेल त्यांच्यावर हा प्रसंग येऊ नये, एवढ्याच हेतूने काही रूढ समजुतींची ही शहानिशा.

गैरसमज : पट्ट्याची पिन ही खिळ्यासारखी सळई असून ती ओढून काढावी लागते.
वस्तुस्थिती : ही पिन म्हणजे बहुधा दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीची पोकळ नळी होय. तिच्या पोटात स्प्रिंग असते आणि तिच्या टोकांच्या अण्या कानांच्या आतील छिद्रांत बसलेल्या असतात. अणीलगतचा कंगोरा नळीच्या मध्याकडे दाबला की अणी छिद्रातून सुटते. सबब येथे जोरापेक्षा दिशेचे महत्त्व अधिक आहे.

गैरसमज : कोणतेही धारदार पाते या कामी चालते.
वस्तुस्थिती : स्विस चाकूच्या पात्याचे काठिण्य रॉकवेल मापाने सुमारे ५६ असते, आणि घड्याळाच्या पेटीचे पोलाद त्याहून पुष्कळच मऊ, त्यामुळे पाते निसटले की ओरखडा पेटीवरच उमटतो. शिवाय अशा बहुतेक लहान चाकूंच्या पात्यास खटका नसतो, म्हणून टोकावर उलटा दाब येताच ते मिटून बोटावर येण्याचे भय असते.

गैरसमज : चाकूत पेचकस आहे, तेव्हा तो घड्याळासही चालणारच.
वस्तुस्थिती : इबाख येथील कार्ल एल्सनर यांनी १८९१ साली स्विस सैन्यास चाकू पुरवण्यास आरंभ केला, त्या वेळी त्यातील पेचकसाची योजना शिपायाच्या बंदुकीचे भाग सोडवण्यासाठी होती. त्याच्या वंशातला रुंद पेचकस पट्ट्याची कड आणि कान यांच्यामधल्या केसभर फटीत शिरत नाही. बूच काढण्याच्या मळसूत्रात फिरवून ठेवलेला, चष्म्याच्या स्क्रूसाठीचा चिमुकला पेचकस मात्र हे काम नीट करू शकतो. काही चाकूंच्या मुठीत एक पोलादी टाचणीही दडवलेली असते. घड्याळाच्या कानांना आरपार छिद्रे असतील, तर बाहेरून ती टाचणी हलकेच दाबली की पिन सुटते.

गैरसमज : पट्टा घरी काढल्यास घड्याळाच्या जलरोधनास बाध येतो.
वस्तुस्थिती : पिनेची छिद्रे कानांत असतात, यंत्राच्या पेटीत नव्हे. जलरोधनाचा प्रश्न मागचे झाकण उघडण्याशी निगडित आहे, आणि ते काम घड्याळजीचेच.

गैरसमज : धातूच्या साखळीची कडीही याच रीतीने निघते.
वस्तुस्थिती : साखळी घड्याळाला जोडणारी पिन स्प्रिंगची असू शकते, परंतु कड्यांच्या मधल्या पिना पुष्कळदा घट्ट ठोकलेल्या असतात, आणि त्या कोणत्या दिशेने काढाव्यात याचा बाण कडीच्या आतल्या अंगास कोरलेला असतो. त्यासाठी ठोकणी व हातोडीच हवी. तेथे चाकूची टाचणी वाकते.

गैरसमज : पट्टा बसला म्हणजे जुनी पिनही चालेल.
वस्तुस्थिती : दोन कानांमधले अंतर मोजून (ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर भरते) त्याच मापाचा पट्टा व पिन घ्यावी, वाकलेली वा गंजलेली पिन टाकून द्यावी, कारण तिच्या कसुरीने घड्याळच हातातून जाते. टॉवेल अंथरावा, म्हणजे उडालेली पिन हरवत नाही. घड्याळ त्यावर पालथे ठेवावे, आणि बकलाचा तुकडा बाराच्या बाजूस येईल अशी खातरजमा करावी. मग एक अणी छिद्रात टेकवून दुसरी दाबून सोडली की बारीकसा ‘टिक्’ असा आवाज येतो. त्या आवाजावरही लगेच विसंबू नये. दोन्ही बाजूंचा पट्टा एकदा ओढून पाहावा, आणि मगच घड्याळ मनगटावर चढवावे.