कपाळापाशी अडलेला रॉड

स्क्वॉटचं वजन वाढत राहतं, डेडलिफ्टचं तर महिन्यागणिक वाढतं. उभं राहून खांद्यांवरून डोक्यावर रॉड ढकलायचा ओव्हरहेड प्रेस मात्र एका आकड्यावर येऊन थांबतो आणि महिनोन्‌महिने हलत नाही. अशा वेळी जिममध्ये सल्ला ठरलेला असतो: ‘अजून जोर लाव!’ मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. अडलेल्या माणसाकडे जिद्द भरपूर असते. त्याचं घोडं बहुतेक वेळा साध्या गणितात अडलेलं असतं.

कितीतरी जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की वजन एकदम पाच किलोनं वाढतं. १२० किलोचा डेडलिफ्ट करणाऱ्याला ही वाढ जेमतेम चार टक्के पडते, तीही मांड्या आणि पाठीच्या दणकट स्नायूंवर. ४० किलोचा प्रेस करणाऱ्याला तीच वाढ साडेबारा टक्के, आणि भार खांदे व ट्रायसेप्स या लहान स्नायूंवर. नुसत्या २० किलोच्या रॉडनं सुरुवात करणाऱ्या मुलीला तर पहिलीच उडी २५ टक्क्यांची! ती अडली तर दोष तिचा कसा? अर्ध्या किलोच्या प्लेट्सची जोडी विकत मिळते. ती बॅगेत ठेवली की एकेक किलोनं वाढवता येतं, आणि माझ्या मते अडलेल्या प्रेसवर यापेक्षा चांगला खर्च नाही. प्लेट्स मिळाल्या नाहीत तर आधी रेप्स वाढवाव्यात. ४० किलोच्या पाच रेप्स होत असतील, तर त्याच वजनावर आठपर्यंत जावं. मग ४५ किलोच्या तीन-चार रेप्स निघतात.

आता रॉड नेमका कुठे अडतो ते बघा. गळ्याजवळून तो झपकन सुटतो, नाकावरून जातो आणि कपाळापाशी मंदावतो. तिथे दंड जवळजवळ आडवा झालेला असतो, त्यामुळे खांद्याला सर्वांत जास्त ताकद लावावी लागते. त्यात रॉड चेहऱ्याला वळसा घालून पुढे गेला, तर तो खांद्यापासून आणखी लांब पडतो आणि तेच वजन जड होतं. म्हणून वळसा रॉडनं नव्हे, डोक्यानं घ्यायचा. सुरुवातीला हनुवटी मागे ओढायची, रॉड नाकासमोरून सरळ वर न्यायचा आणि कपाळ ओलांडताच डोकं पुन्हा पुढे आणायचं. रॉड बोटांवर न ठेवता तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर ठेवावा. पोट आणि नितंब आवळलेले हवेत, नाहीतर कंबर मागे झुकते.

या झुकण्याचा एक इतिहास आहे. प्रेस एकेकाळी ऑलिंपिक वेटलिफ्टिंगचा भाग होता. सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव्हनं १९७२ मध्ये २३६.५ किलोचा विश्वविक्रम केला. पण तोवर लिफ्टर इतके मागे वाकू लागले होते की कुठली उचल नियमात बसते हे ठरवणं पंचांना अवघड झालं, आणि त्याच वर्षीच्या म्युनिक ऑलिंपिकनंतर हा प्रकार काढून टाकण्यात आला. मागे वाकलं की छाती मदतीला येते. वहीत आकडा वाढतो, खांदे होते तिथेच राहतात आणि कमरेवर ताण येतो तो वेगळाच.

दुसरं मोठं कारण वेळापत्रकात सापडतं. सोमवारी छाती, गुरुवारी खांदे, असा आठवड्यातून एकदाच प्रेस होतो, तोही बऱ्याचदा मशिनवर दमल्यानंतर. तो दोनदा आणि सर्वांत आधी करावा: एक दिवस जड वजनाच्या कमी रेप्स, दुसऱ्या दिवशी हलक्या वजनाच्या जास्त. जड सेट्समध्ये तीन-चार मिनिटं थांबावं. घामाच्या नादात ही विश्रांती तोडणं मला अजिबात पटत नाही. हलक्या दिवशी कधीकधी पुश प्रेस करावा. गुडघ्यांच्या छोट्या झटक्यानं थोडं जास्त वजन वर न्यायचं आणि सावकाश खाली आणायचं. जड वजन डोक्यावर तोलायची सवय त्यातून लागते.

वजन घटवण्यासाठी पोट मारणाऱ्यांचा प्रेस बऱ्याचदा सर्वांत आधी थांबतो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ११२ ग्रॅम. नुसत्या वरण-भात-पोळी-भाजीवर हा आकडा गाठणं कठीण आहे. जोडीला दही, पनीर, सोयाबीन, अंडी किंवा मासे हवेतच.

हे सगळं वजन अडण्याबद्दल झालं. हात वर नेताना खांद्यात चमक येत असेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर प्लेट्स बदलून उपयोग नाही. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवेपर्यंत प्रेस बंद ठेवावा.