गव्हातील रुंद पानांची तणे व निवडक तणनाशके

रब्बी हंगामात बागायती गव्हाला पहिली दोन पाणी मिळाली की पिकाबरोबरच चाकवत, चांदवेल यांसारखी रुंद पानांची तणेही जोमाने वाढू लागतात. पिकासाठी घातलेले खत, दिलेले पाणी आणि सूर्यप्रकाश यांत ती वाटेकरी होतात. खुरपणी हा त्यावरील खात्रीचा उपाय होय. परंतु ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत, तेव्हा निवडक तणनाशकांचा आधार घेतला जातो.

निवड कशी होते?

या वर्गातील सर्वांत परिचित औषध म्हणजे 'टू-फोर-डी'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत झालेल्या संशोधनातून ते पुढे आले. वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या ऑक्सिन या नैसर्गिक द्रव्यासारखे ते कार्य करते. रुंद पानांच्या तणात ते शोषले जाऊन वाढीच्या भागांकडे वाहून नेले जाते. तेथे अनिर्बंध वाढ होऊन खोड व देठ पिळवटतात आणि अखेर तण मरते. गव्हाची पाने अरुंद व उभी असल्याने त्यांवर द्रावण कमी टिकते; वाढीचा कोंब पानांच्या आवरणात सुरक्षित असतो; शिवाय गहू या द्रव्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करू शकतो.

वेळ व मात्रा

ही सहनशक्ती सर्व अवस्थांत सारखी नसते. फवारणी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे आल्यावर परंतु पीक कांडी धरण्यापूर्वी करावी. वेळ चुकल्यास ओंब्या वेड्यावाकड्या होतात. सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ५०० ग्रॅम क्रियाशील घटकाची आहे. म्हणजे ८० टक्के तीव्रतेची सोडियम क्षाराची भुकटी ६२५ ग्रॅम लागते. 'मेटसल्फ्युरॉन मिथाइल' या औषधाचा क्रियाशील घटक मात्र हेक्टरी केवळ ४ ग्रॅम पुरतो. म्हणून अंदाजाने माप घेणे सर्वथा टाळावे. गहू व मोहरी किंवा गहू व हरभरा असे मिश्र पीक असल्यास ही औषधे वापरू नयेत.

शेजारच्या पिकाचे रक्षण

औषध गहू ओळखते. शेताचा बांध ओळखत नाही. निफाडसारख्या तालुक्यात गहू व द्राक्षबागा शेजारी शेजारी असतात. नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हावर डिसेंबरात फवारणी होते, त्याच सुमारास ऑक्टोबर छाटणीच्या वेलींवर कोवळी फूट व घड असतात. वाऱ्याने आलेल्या अल्प तुषारांनीही द्राक्षाची पाने आक्रसून पंख्यासारखी होतात. कापूस, टोमॅटो व हरभरा ही पिकेही अशीच नाजूक आहेत. यास्तव वारा शांत असताना, नोझल पिकालगत ठेवून फवारावे. बाष्परूपाने पसरणारे एस्टर प्रकारचे औषध अशा ठिकाणी टाळावे. तणनाशकासाठी पंप वेगळाच ठेवावा.

एकाच औषधावर विसंबू नये

रुंद पानांची तणे नष्ट झाली की मोकळ्या जागेत गवतवर्गीय तणे वाढतात. तेच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास तणांत प्रतिकारशक्ती निर्माण होते. हरियाणात १९९० नंतरच्या काही वर्षांत गव्हातील 'फॅलॅरिस मायनर' या गवतवर्गीय तणावर 'आयसोप्रोट्युरॉन' निष्प्रभ ठरू लागले, हे उदाहरण बोलके आहे. पिकांची फेरपालट, स्वच्छ बियाणे व कोळपणी यांची जोड म्हणूनच आवश्यक आहे.

तणनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. नोंदणीकृत औषधच घ्यावे व वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. ग्रामपंचायतीने फवारणीपूर्वी शेजारी शेतकऱ्यांस सूचना देण्याचा प्रघात पाडल्यास आणि शिक्षकांनी वेष्टनावरील माहिती समजावून दिल्यास पीक आणि शेजारधर्म, दोन्ही सुरक्षित राहतील.