डॉक्टरीणबाईंचा कारभार

१५२५ च्या जूनमध्ये मार्टिन ल्यूथरचं लग्न झालं, तेव्हा माइन्झच्या आर्चबिशपने वीस गुल्डनचा आहेर पाठवला. हा तोच आल्ब्रेख्त, ज्याच्या पापक्षमापत्रांच्या विक्रीवर ल्यूथरने आठ वर्षांपूर्वी तोफ डागली होती. नवरदेव म्हणाले, परत करा. नवरीने, म्हणजे कॅथरीना फॉन बोराने, पैसे ठेवून घेतले. ख्रिस्ती विवाहात नवऱ्याचं काम कोणतं आणि बायकोचं कोणतं, यावर मी हाताला लागेल ते वाचत आले आहे. पण या वीस गुल्डनइतकं बोलकं प्रवचन मला अजून सापडलेलं नाही.

आधी पार्श्वभूमी उरकून टाकते. सगळं येऊन ठेपतं ते पौलाच्या इफिसकरांस पत्रातल्या पाचव्या अध्यायावर: पत्नीने पतीच्या अधीन असावं, पतीने पत्नीवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी. त्याच्या जरा आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावं असंही आहे, पण प्रवचन बहुधा त्याच्या पुढून सुरू होतं. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आज्ञा पाळण्याचं वचन एकटी वधू देते. १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी नवऱ्याला कुटुंबाचं मस्तक आणि बायकोला हृदय म्हटलं. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी अधीनता परस्परांची असते असं सांगितलं. झालं. आता कॅथरीनाकडे जाऊ.

कॅथरीना निम्बशेनच्या मठातली जोगीण. १५२३ च्या ईस्टरला ती आणि आणखी अकराजणी मठातून पळाल्या. त्यांना काढलं टॉर्गाउच्या लेओनहार्ट कोप्पे या व्यापाऱ्याने. तो मठाला हेरिंग मासे पुरवायचा, त्यामुळे त्याची गाडी आली-गेली तरी कोणाला संशय येत नसे. (मुली माशांच्या पिंपांत लपल्या होत्या, ही पुढच्यांनी लावलेली फोडणी.) विटेनबर्गला पोचलेल्यांपैकी बाकीच्यांची सोय लागत गेली, कॅथरीना राहिली. न्यूरेंबर्गच्या एका तरुणाशी जमत आलेलं फिसकटलं. मग ग्लात्स नावाच्या वयस्क पाद्र्याचं स्थळ पुढे आलं. तिने ल्यूथरचा मित्र आम्सडोर्फ याला गाठून साफ सांगितलं: ग्लात्स नको, तुम्ही असाल किंवा डॉक्टर ल्यूथर असतील, तर माझी ना नाही. हाती दमडी नसलेली, घर तुटलेली, सव्वीस वर्षांची मुलगी हे बोलते आहे! ल्यूथर तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. तेरा जूनला मोजक्या माणसांत लग्न लागलं, आणि बोलावणं न आल्यामुळे रुसलेल्या, ल्यूथरचा सहकारी असलेल्या मेलांक्थनने मित्राला ग्रीकमध्ये पत्र लिहून मनातली मळमळ ओकली. मानपान विद्वानांनाही सुटत नाही.

संसार थाटला तो ल्यूथरच्याच रिकाम्या पडलेल्या मठात. कॅथरीनाने त्याची खाणावळ आणि वसतिगृह केलं. विद्यार्थी, पाहुणे, आश्रित, भाचरं. शिवाय स्वतःची सहा मुलं. बिअर घरी गाळायची, डुकरं पाळायची, तळ्यात मासे सोडायचे. १५४० मध्ये झ्युल्सडोर्फची शेतवाडी घेतली गेली आणि तिने तिथेही खेपा सुरू केल्या. इकडे डॉक्टर पुस्तकांचे पैसे घेत नसत आणि हाताला येईल ते देऊन टाकत. एका मित्राला लग्नाची भेट म्हणून भांडं पाठवतोय असं त्यांनी लिहिलं, आणि त्याच पत्राच्या ताजा कलमात कळवलं की केटीने, म्हणजे कॅथरीनाने, ते लपवून ठेवलंय.

बायकांचा जन्म घरात बसण्यासाठी आहे, असले उद्गार याच ल्यूथरच्या तोंडी आहेत. जेवणाच्या टेबलावर त्याने काढलेले उद्गार विद्यार्थी टिपून घेत, आणि ताटातलं अन्न येई ते कॅथरीनाच्या मळ्यातून. पत्रांत मात्र तो तिला डॉक्टरीणबाई, झ्युल्सडोर्फच्या धनीणबाई, डुक्करबाजाराच्या मालकीणबाई असं चिडवतो. आणि गलतीकरांस पत्र त्याला इतकं आवडे की त्याला तो माझी कॅथरीना फॉन बोरा म्हणत असे.

विटेनबर्गला मी गेले ती खरं तर एक दार बघायला. मठाच्या त्या घराला कॅथरीनाने १५४० मध्ये वालुकाश्माचं प्रवेशद्वार बसवून घेतलं. वर टोकदार कमान, एका अंगाला ल्यूथरचा चेहरा, दुसऱ्या अंगाला त्याचं गुलाबाचं चिन्ह. दोन्ही बाजूंना दगडातच कोरलेली एकेक बैठक, वर छोटंसं छत. मधे फक्त उंबरा. दगड गार लागतो आणि जागा जेमतेम, मांडी घालून बसणाऱ्याचं काम नव्हे. नवऱ्याची बैठक कोणती, बायकोची कोणती, हे कुठेही लिहिलेलं नाही.

इथे मला आमच्या नगरचं टिळक दांपत्य आठवल्याशिवाय राहत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला, तर विवाह रद्द करून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने करून ठेवली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला, तोही त्यांच्या स्वतःच्या विचाराने. आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हाती पैसा न टिकणारे टिळक व संसार ओढणाऱ्या लक्ष्मीबाई दिसल्या, की मला विटेनबर्गचं ते लपवलेलं भांडं हटकून आठवतं.

पण प्रेम घरात चालतं, कायदा घराबाहेर. ६ जानेवारी १५४२ रोजी ल्यूथरने वकिलाला न विचारता स्वतः मृत्युपत्र लिहिलं. झ्युल्सडोर्फ, एक घर, दागिने, चांदीचे पेले, सगळं कॅथरीनाला. आईने मुलांच्या तोंडाकडे बघायचं नाही, मुलांनी आईच्या तोंडाकडे बघावं, असा त्यामागचा विचार. सॅक्सन कायद्यात विधवेला असा वारसा नव्हता. १५४६ च्या फेब्रुवारीत ल्यूथर गेला आणि चान्सलर ब्र्यूक याने हरकत घेतली. सॅक्सनीच्या शासकाने मृत्युपत्र उचलून धरलं, तरी कॅथरीनावर आणि मुलांवर पालक नेमले गेलेच. वीस वर्षं ज्या बाईने सगळा पसारा पेलला, तिला हिशेब बघायला पुरुष हवा! पुढे युद्धात शेतवाडी उजाड झाली. १५५२ मध्ये प्लेगला भिऊन टॉर्गाउला जाताना गाडीचा अपघात झाला, आणि त्याच डिसेंबरात ती तिथे वारली.

सॅक्सनीला हसण्याआधी आपल्याकडे बघावं. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग असं आणखी काही दाखवावं लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद झिडकारला, आणि संसदेने तो काढला २००१ मध्ये. म्हणजे एकशे बत्तीस वर्षांनी.

म्हणून मस्तक कोण, हृदय कोण या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. लग्नाआधी पाळक जोडप्याला समोर बसवून इफिसकरांस पत्र वाचून दाखवतात, ते वाचावंच. त्याच बैठकीत १५४२ चं मृत्युपत्रही वाचावं, आणि मग नवऱ्या मुलाला विचारावं: घर कोणाच्या नावावर घेणार आहेस?