सीव्हीटी मोटारीच्या गिअरबॉक्सचे तेल : किती आणि कोणते?

आमच्या शाखेतील एका सहकाऱ्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुनी ऑटोमॅटिक मोटार घेतली. सांगलीला जाता-येता सुरुवातीला ती थोडी थरथरते, म्हणून एका गॅरेजमध्ये दाखविली. तेथे ‘तेल कमी असेल’ म्हणून साध्या ऑटोमॅटिक गिअरचे लिटरभर तेल ओतण्यात आले. दोन महिन्यांत गिअरबॉक्सच गेला. दुरुस्तीचा खर्च आमच्या तीन पगारांच्या वर होता आणि हप्ते तर चालूच होते. आम्ही कला शाखेचे पदवीधर; यंत्राशी आमचा संबंध नोटा मोजण्याच्या मशीनपुरता. तथापि त्या प्रसंगानंतर जाणत्या मेकॅनिकांना विचारून आणि पुस्तिका वाचून जे समजले, ते सभासदांसाठी व विशेषतः आयटीआयमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे देत आहोत.

सीव्हीटी म्हणजे ज्यात पहिला, दुसरा, तिसरा असे ठरलेले गिअर नसतात अशी रचना. आपल्याकडे ती स्कूटरमुळे घरोघरी पोचली. पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर 1984 साली आणलेली बिनगिअरची स्कूटर पुष्कळांना आठवत असेल. तिच्यात रबरी पट्टा दोन पुलींवर फिरे. पुलीच्या दोन बाजू जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो आणि त्याप्रमाणे वेगाचे प्रमाण बदलते. स्कूटरचा हा पट्टा कोरडाच चालतो. तेल फक्त मागच्या चाकाजवळच्या दातेरी चक्रांना लागते, आणि तेही पेलाभरच.

मोटारीत मात्र पट्टा पोलादी असतो. शेकडो पातळ पोलादी चकत्या पोलादी कड्यांत ओवलेल्या असतात आणि तो सर्व पट्टा तेलात फिरतो. असा पट्टा असलेली मोटार प्रथम 1987 साली जपानच्या सुबारू कंपनीने बाजारात आणली. येथे तेलाला एकाच वेळी उलटसुलट कामे करावी लागतात. त्याने झीज थांबवायची, उष्णता वाहून न्यायची, स्वतःच्या दाबाने पुलीच्या बाजू आवळून धरायच्या आणि पोलाद पोलादावरून घसरू द्यायचे नाही. वंगण म्हटले की निसरडेपणा आपण गृहीत धरतो; येथे पकडही त्या तेलातूनच मिळते. म्हणून साधे ऑटोमॅटिक गिअरचे तेल येथे चालत नाही. होंडाचे एचसीएफ-2, निसानचे एनएस-3, टोयोटाचे एफई अशी प्रत्येकाची तेले वेगळी असतात. पुस्तिकेत लिहिलेले नावच डब्यावर पाहावे. ‘सगळ्यांना चालते’ या शब्दावर विसंबू नये.

त्याआधी आपली गाडी सीव्हीटीच आहे ना, ही खात्री करावी. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्या एकसारख्या नसतात. 2015 साली आलेल्या मारुतीच्या बलेनोत सीव्हीटी होती, 2022 मध्ये तिच्या जागी एएमटी आली. नाव एकच, पण आतील यंत्र वेगळे आणि तेलही वेगळे. जुनी गाडी घेणाऱ्याने हे आरसी बुकावरील सालावरून न ठरवता गाडीच्या पुस्तिकेवरून व सर्व्हिसच्या नोंदींवरून पाहावे.

आता प्रमाण. पुस्तिकेत एकूण क्षमतेचा आकडा दिलेला असतो; छोट्या मोटारींत तो बहुधा पाच ते सात लिटरच्या आसपास असतो. परंतु खालचा बोल्ट काढला की तीन-चार लिटरच निघते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, नळ्यांत व कूलरमध्ये राहते. आमच्या भाषेत सांगायचे तर खात्यातील शिल्लक वेगळी आणि काढता येणारी रक्कम वेगळी. एकूण क्षमतेचा आकडा पाहून तेवढे तेल भरले तर ते जास्त होऊन फेसाळते. फेसाचा दाब पडत नाही आणि पट्टा घसरतो. कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि परिणाम तोच. म्हणून निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजावे, तेवढेच नवे भरावे आणि मग पातळी तपासावी. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको; पंपातील औषधाचे प्रमाण ते अंदाजाने घालत नाहीत.

पातळी तपासण्याची रीतही निराळी आहे. पुष्कळ गाड्यांना या तेलाची काठीच नसते. गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन चालू असताना, लिव्हर प्रत्येक जागी क्षणभर थांबवून परत पार्किंगवर आणायचा आणि तेल ठरलेल्या तापमानाला, बहुधा चाळीस अंशांच्या आसपास, आले की पातळीचा बोल्ट उघडायचा. जादा तेल ओघळून थेंब थेंब पडू लागले की बोल्ट बंद. तेल गरम झाले की फुगते, त्यामुळे लांबून आलेल्या गाडीची पातळी लगेच पाहिली तर ती चुकते. बोल्टाचा वायसर नवा घालावा. बोल्टाच्या चुंबकावर करड्या लेपासारखा थर दिसला तर घाबरू नये, पण किस किंवा तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नये.

तेल कधी बदलावे? कंपन्या आपापले अंतर सांगतात. चाळीस हजार किलोमीटर हा आकडा मेकॅनिकांच्या तोंडी वारंवार ऐकू येतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे रांगत जाणारी, एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात भरल्या माणसांनिशी घाट चढणारी गाडी पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ या सदरात मोडते. तिचे तेल लवकर बदलावे. ‘या तेलाला आयुष्यभर पाहावे लागत नाही’ असे कोणी म्हटले, तर आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे विचारून घ्यावे.

गाडी बंद पडली तर पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेऊ नये. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की पुली व पट्टा तेलाच्या दाबाविना फिरतात. आमच्या सहकाऱ्यांची गाडी शेवटच्या दिवशी नेमकी अशीच ट्रॅक्टरला बांधून आणली होती.