वळवाच्या वादळाची पूर्वसूचना

चैत्र-वैशाखात दुपार कलली की सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांच्या राशी रचल्या जातात आणि सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत सायंकाळी मेघगर्जनेसह वळीव कोसळतो. तापलेल्या भूमीला तो सुखावह असला, तरी त्याच्या आधी सुटणारा सोसाट्याचा वारा घरांवर माड पाडतो, विजेच्या तारा तोडतो आणि हाताशी आलेल्या आंब्या-काजूची नासाडी करतो. या संकटाची पूर्वसूचना कशी मिळते व तिच्यावर कितपत विसंबावे, हे प्रत्येक गोमंतकीयाने जाणून घेणे हिताचे आहे.

वादळाची जडणघडण

गडगडाटी वादळास तीन गोष्टी लागतात: हवेतील विपुल बाष्प, खाली उष्ण व वर थंड अशी अस्थिर हवा आणि तिला वर लोटणारे निमित्त. गोव्यात बाष्प अरबी समुद्र पुरवितो. हवेला वर लोटण्याचे काम दुपारचे खारे वारे व घाटाचा चढ करतात. अशा हवेतून उभा राहणारा गर्जन्मेघ १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचू शकतो. त्यातून पाऊस पडू लागला की थेंबांबरोबर हवाही खाली ओढली जाते. वाटेत काही थेंबांचे बाष्प होते. त्यामुळे ती हवा अधिक थंड व जड होऊन वेगाने जमिनीवर आदळते आणि चहूकडे फाकते. पावसापूर्वी अंगाला झोंबणारा गार वारा तो हाच. तो ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. म्हणून डोक्यावर पाऊस नाही, तोवर धोका नाही, हा समज चुकीचा आहे.

अंदाजाची साधने

भारतीय हवामान विभाग फुग्याला बांधलेल्या उपकरणांनी वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता व वारा मोजतो. त्यावरून त्या दिवशी वादळ संभवते की नाही, हे ठरते. उपग्रह ढगांची वाढ दाखवितात. पणजी येथील डॉप्लर रडार परतलेल्या लहरींच्या तीव्रतेवरून पावसाचा जोर आणि त्यांच्या कंप्रतेतील फरकावरून थेंबांचा रडारकडे येण्याचा वा दूर जाण्याचा वेग ओळखते.

तरीही मर्यादा आहेत. एकेका गर्जन्मेघाचे आयुष्य बहुधा तासाभराचे व विस्तार थोड्याच किलोमीटरांचा असतो. त्यामुळे जिल्ह्याला इशारा आदल्या दिवशी देता येतो. परंतु वादळ नेमके कुठे येईल, हे ते आकारास आल्यावरच कळते. म्हणून पुढील तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज वेगळा दिला जातो. पिवळा रंग सावध राहण्याचा, नारंगी सज्ज राहण्याचा व लाल तातडीने कृती करण्याचा होय.

नागरिकांचे कर्तव्य

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्याने अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. इशारा मिळताच फलक, जुनी झाडे व कच्च्या भिंती यांपासून दूर जावे. मच्छीमार बांधवांनी होड्या किनाऱ्यास आणाव्यात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाचा आसरा घेऊ नये, तुटलेल्या तारेला स्पर्श करू नये.

वेधशाळेची सूचना फार तर काही तासांची सवड देते. ती शेजाऱ्यापर्यंत, बागायतीत राबणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.